गवताची नोकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी मी मागच्या खोलीत चहाच्या भांड्यांपाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी हाताला धरून इथे आणून उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळाच सातवीपर्यंत होती आणि पुढच्या शाळेला जायचे तर ओढा ओलांडावा लागे, म्हणून वडिलांनी नाव काढले. तेव्हा व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नका. कागदावर लिहून आणले आहे, ते वाचते. मध्ये अडखळले तर सांभाळून घ्या.

विषयही मी आपणहून घेतलेला नाही, तो तुम्हीच मला दिला आहे. हळदीकुंकवाला गेले की हटकून विचारणे होते, "तुमची थोरली पुण्यात नेमकं करते काय?" कुणाची मुलगी बँकेत असते, कुणाची संगणकात. ते एका शब्दात सांगून होते. मी म्हणायची, "झाडांच्या ऑफिसात आहे." त्यावर आपल्यातल्याच एका भगिनींनी (नाव घेत नाही, समोर बसल्या आहेत) विचारले, "म्हणजे गवताची नोकरी का हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर मनाला लागून राहिले, कारण मलाही दुसरे काही सांगता आले नव्हते. आज ते सांगते.

थोरली कॉलेजात होती तेव्हापासूनच घरातल्या रद्दीचा ताबा तिच्याकडे गेला होता. वर्तमानपत्राच्या प्रत्येक घडीत एक डहाळी, अशी चळत रचायची, वर माझा पाटा, आणि पाट्यावर पाण्याने भरलेली पितळी घागर. रोज कागद बदलायचे, ओले झालेले उन्हात घालायचे. होळीला पुरण वाटायला मी पाटा उचलला, तर पोरीने घर डोक्यावर घेतले. त्या वर्षी मी शेजारणीकडून पुरणयंत्र मागून आणले. आमचे हे म्हणाले, "सासरी जाताना पाटा तिलाच देऊन टाक."

सासूबाईंना मात्र ह्या उद्योगात भारी रस. दुपारी त्या चळतीतल्या घड्या एकेक उलगडून बघत आणि म्हणत, "हे मुरड्यावर देतात. हे गुराच्या जखमेला. ह्याचा पाला सावलीतच वाळवायचा, उन्हात घातला की गुण जातो." थोरली म्हणे, "आजी, परीक्षा झाली की सगळं लिहून घेते हं." मग एक परीक्षा झाली की दुसरी. २०२० च्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. त्या डहाळ्या अजून आमच्या घरी आहेत. प्रत्येकीखाली शास्त्रातले नाव लिहिलेले आहे. मुरडा त्यातल्या कोणत्या पानाने थांबतो, ते मात्र आता घरात कुणालाही ठाऊक नाही. मी वीस वर्षे त्यांच्या शेजारी बसून भाज्या निवडल्या. मला तरी कुठे विचारायचे सुचले?

पुढे २०२१ साली थोरली पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात एका प्रकल्पावर लागली. नोकरी तात्पुरती आहे, मुदत वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या जानेवारीत मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा ती मला एक दिवस तिचे काम दाखवायला घेऊन गेली.

ही संस्था इंग्रजांच्या काळातली, १८९० सालची. मुख्य कार्यालय कलकत्त्याला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये तिची नव्याने घडी बसवली, आणि आपल्या पश्चिमेकडच्या भागासाठी १९५५ मध्ये पुण्याला शाखा निघाली. मला वाटले होते, बाग असेल, कुंड्या असतील. आत गेले तर नुसती कपाटेच कपाटे, आणि डांबरगोळ्यांचा वास, आपल्या पैठणीच्या ट्रंकेला येतो तसा. कपाटांत जाड पांढरे कागद, आणि प्रत्येक कागदावर एक वाळवलेले झाड, मूळ, पान, फूल, फळ, जे मिळाले असेल त्यासकट. असे लाखाच्या वर कागद तिथे जपून ठेवलेले आहेत. कीड लागू नये म्हणून झाडाला विषारी औषध लावतात, त्यामुळे मला हात लावू दिला नाही.

पण एक गोष्ट बघून मी तिथल्या तिथे सुखावले. जाड फांदी नुसत्या डिंकाने कागदावर बसत नाही. ती सुई-दोऱ्याने टाचतात! टेबलाशी बसून टाके घालण्याचे काम चालले होते. मी न राहवून म्हटले, "मागची गाठ अशी मारलीत तर कागद फाटायचा नाही." त्यांनी तशी मारून बघितली. आता सरकारदरबारी माझी एक गाठ आहे, असे मी आमच्या ह्यांना सांगते.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. झाड कुणी आणले, कोणत्या दिवशी, कोणत्या डोंगरावरून, किती उंचीवरून, फुलाचा रंग काय होता (वाळल्यावर रंग उडतो ना), हे सगळे तीवर लिहितात. शेवटी दोन रकाने असतात, स्थानिक नाव आणि उपयोग. मी बघत गेले. बाकी चिठ्ठी बारीक अक्षरात भरलेली आणि हे दोन रकाने बहुधा कोरे. मी विचारले, "अगं, हे का नाही लिहिले?" थोरली म्हणाली, "आई, झाड तोडणाऱ्या साहेबाला विचारायला डोंगरावर कोण भेटणार? भेटला तर एखादा गुराखी. बायका भेटल्या तरी त्यांच्याशी बोलणार कोण?"

मग तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ओळख पाहू." बारीकसा वेल, खाली छोटा कांदा, आणि वाळून तपकिरी झालेले, कंदिलासारखे फूल. मी म्हटले, "अय्या, ही तर आमची खरचुडी!"

माझे माहेर जावळीतले. लहानपणी गुरे घेऊन आम्ही भावंडे पठारावर जात असू. पावसाळ्यात ही खरचुडी दिसली की काठीने उकरून तिचा कांदा काढायचा, परकराला पुसायचा आणि कच्चाच खायचा. पाणीदार, गोडसर लागतो. काही भागात हिला खरपुडी म्हणतात. थोरली म्हणाली, "आई, तू खाल्लीस त्यातल्या काही जाती सह्याद्री सोडून जगात कुठेही नाहीत." मला एकदम कसेसेच झाले. आम्ही दर पावसाळ्यात किती खाल्ल्या, त्याचा काही हिशेब नाही. कांदाच खाल्ला म्हणजे मग पुढल्या वर्षी उगवायला राहिले काय?

ह्या फुलाची गंमत सांगण्यासारखी आहे. फूल म्हणजे एक उभी नळी. वास घेऊन बारीक माशी आत शिरते. नळीला आतून खाली वळलेले केस असतात, त्यामुळे तिला परत वर येता येत नाही. रात्र ती तिथेच काढते. मग केस सुकतात आणि माशी पराग घेऊन सुटते, ती दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. थोरलीने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, शहाणपण न येण्यात माशी आणि आपण सारख्याच.

महाराष्ट्रात ह्या खरचुडीच्या वीसच्या वर जाती आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव ह्यांनी डोंगर धुंडाळून त्या गोळा केल्या आणि विद्यापीठाच्या बागेत लावून वाढवल्या. म्हणजे पठारावरून एखादी गेलीच, तर तिचे बी कुठेतरी असावे. कपाटातले वाळलेले झाड ओळख पटवायला उपयोगी पडते, पण त्यातून पुन्हा झाड उभे राहात नाही. म्हणून कपाट लागते आणि बागही लागते.

तशीच एक आपल्या अगदी दाराशी आहे. तिचे नाव शिंदळ माकुडी. हसू नका, नाव मी ठेवलेले नाही. कड्याच्या कपारीत बोटाएवढ्या जाड, मांसल फांद्या पसरतात. पावसाळ्यानंतर पाने गळतात आणि नुसत्या फांद्या राहतात. फूल गडद तांबडे, त्यावर पिवळी नक्षी, चांदणीसारखे. डाल्झेल नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६० च्या दशकात तिची शास्त्रात नोंद केली आणि त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नराचे, फ्रिअरसाहेबाचे, नाव तिला दिले. महाराष्ट्राबाहेर ती रानात सापडत नाही. एके काळी जगातल्या अतिशय संकटात असलेल्या बारा झाडांत तिची गणना झाली होती. तिची नोंद झालेल्या जागांत शिवनेरी आहे, पुरंदर आहे आणि आपला सज्जनगड आहे. २०१८ साली आपल्या मंडळाची सहल सज्जनगडाला गेली होती. पायऱ्या चढताना आपण कोण दमले आणि कुणाचा डबा राहिला ह्याची चर्चा करत होतो. ती तिथेच कुठेतरी होती.

मी थोरलीला विचारले, "गडाच्या कोणत्या अंगाला आहे ती?" तर म्हणते, "ते मी कुणाला सांगत नाही." मी म्हटले, "मी तुझी आई आहे!" म्हणाली, "आई आहेस म्हणूनच. तू मंडळात सांगशील." मला राग आला. तो राग लक्षात ठेवा, त्याचे पुढे काम आहे.

आता तिच्या कामाचा दुसरा अर्धा भाग, जो मला समजायला सर्वांत जड गेला. तो कागदी आहे, कायद्याचा. कपाटातली झाडे साक्षीदार असतात. उद्या एखाद्या पठारावर रस्ता काढायचा, हॉटेल बांधायचे ठरले आणि कुणी विचारले की इथे गवताशिवाय आहे काय, तर कपाटातला कागद सांगतो की अमक्या वर्षी ह्या ठिकाणी अमके झाड होते. कोणत्या वनस्पती नाहीशा होऊ लागल्या आहेत त्यांच्या याद्या केंद्र सरकारने राज्यांशी विचारविनिमय करून जाहीर कराव्यात, असे कायद्यात आहे. अशा याद्यांमागे माहिती लागते. ती माहिती म्हणजे ही डोंगरावरची पायपीट, ही रद्दी आणि हे टाके.

हा कायदा म्हणजे २००२ सालचा जैवविविधता कायदा. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरी सगळ्या देशांची परिषद भरली. ज्या देशात जे झाडझाडोरा, जीवजंतू आहेत त्यांवर त्या देशाचा हक्क, आणि त्यांपासून कुणी नफा कमावला तर ज्यांनी ते जपले त्यांना वाटा, असे तिथे ठरले. हे ऐकून मला वाटले, ह्यात ठरवायचे काय? पण हळदीची हकीकत ऐकल्यावर पटले.

१९९५ साली अमेरिकेत हळदीवर पेटंट देण्यात आले. जखमेवर हळद लावली की जखम भरते, हा म्हणे नवा शोध! आपल्यापैकी जिचे बोट विळीने कापले नाही अशी एक तरी आहे का? आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे प्रमुख होते. पण "आमच्या आज्या लावत होत्या" एवढे सांगून तिथे भागत नाही. छापील पुरावा लागतो. जुने संस्कृत ग्रंथ काढले, १९५३ सालचा वैद्यकीय मासिकातला लेख काढला, असे बत्तीस पुरावे पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हळद वाचली, कारण ती कुणीतरी लिहून ठेवली होती. सासूबाईंचा मुरड्याचा पाला कुणी लिहिला होता?

त्या कायद्याप्रमाणे चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण झाले, आपल्या राज्याचे मंडळ नागपूरला झाले, आणि खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत एक समिती असावी असे ठरले. समितीने गावातल्या लोकांना विचारून नोंदवही करायची. गावात कोणती झाडे, कोणते कंद, कोणते वाण, कोणते मासे, कोण काय कशाला वापरते. व्यापारासाठी रानातले काही नेणाऱ्याकडून समितीला शुल्कही घेता येते. २००४ च्या नियमांत असेही लिहिले की नेमलेल्या सदस्यांत एकतृतीयांशाहून कमी स्त्रिया असू नयेत. हे वाचून मला फार बरे वाटले. मग मी माहेरी फोन करून चौकशी केली. आमच्या गावच्या समितीत दोन बायका आहेत. त्यातल्या एकीला आपण सदस्य आहो हे माझ्याकडूनच कळले.

वहीचीही तीच गत. पुष्कळ वर्षे कुणी वह्या केल्याच नाहीत. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बजावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे समित्या आणि वह्या झाल्या पाहिजेत, नाही तर महिन्याला दहा लाख रुपये भरा. झाले! सुनेने पाहुणे दारात आल्यावर घर आवरावे तसे झाले. २०२३ च्या श्रावणात थोरली रजा काढून माझ्याबरोबर माहेरी आली. माझा चुलतभाऊ पंचायतीत आहे, त्याने वही काढून दाखवली. टंकलिखित, बांधीव, वर शिक्का. आत बघतो तर आमच्या गावात नारळीच्या बागा होत्या आणि खाडीतले मासे होते! जावळीच्या डोंगरात खाडी! कुणी कुठल्या किनाऱ्याकडच्या गावची वही समोर ठेवून उतरवली, देव जाणे. "कंद" ह्या रकान्यात "निरंक" असे लिहिले होते. ज्या पठारावर मी जन्मभराच्या खरचुड्या खाल्ल्या, तिथे कंद निरंक.

थोरली काही बोलली नाही. तिने नवी शंभर पानी वही घेतली आणि मला म्हणाली, "आई, तू बायकांना बोलाव. मी बोलावलं तर त्या साडी बदलून येतील आणि गप्प बसतील." मग भैरवनाथाच्या देवळात दोन दुपारी आम्ही बसलो. सात-आठ जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. सर्वांत थोरल्या आमच्या काकू, ऐंशी पार केलेल्या.

पहिला अर्धा तास नुसते "आमास्नी काय ठावं?" एवढेच. मग मी म्हटले, "पहिल्या पावसाबरोबर काय भाजी करता?" आणि जो बांध फुटला म्हणता! टाकळा, कुर्डू, भारंगी, चाईचा मोहर, करटोली, पाथरी, घोळ. फोडशी म्हटले की दुसरी म्हणे, "तिला आमच्यात कुली म्हनत्यात," आणि त्यावरून अर्धा तास भांडण. कोणती कोवळी असताना माणसांची आणि जून झाली की गुरांची. कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही. दुष्काळात काय खाल्ले, ते सांगताना एक म्हातारी रडली. बाकीच्यांनी तिला पाणी दिले आणि पुढे सुरू. थोरली डाव्या हाताने पाने उलटत होती आणि उजव्या हाताने लिहीत होती. बावीस पाने भरली. तिला शास्त्रातले नाव ठाऊक आणि ह्यांना झाडाचा स्वभाव. कोण कुणाला शिकवत होते ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दुपारी बाळंतिणीच्या औषधांवर गोष्ट आली. बाळंतपणानंतर अंगावर जाणे थांबेना तर काकू एक पाला देतात. आमच्या भावकीतल्या तीन-चार बायका त्याने उठून बसल्या आहेत, त्यातली एक मी. थोरलीच्या वेळची गोष्ट. थोरलीने पेन सरसावून विचारले, "आजी, कोणतं झाड ते?" काकू म्हणाल्या, "त्याचं नाव न्हाई सांगायची."

सगळ्या गप्प. मी म्हटले, "काकू, घरचीच पोर आहे." काकू म्हणाल्या, "घरची हाय, पन वही घरची न्हाई. त्या नरक्याचं काय झालं ठावं हाय न्हवं?"

नरक्या तुमच्यातल्या डोंगराकडच्या बायकांना माहीत असेल. लाकडाला घाण वास, म्हणून कुणी सरपणालाही आणत नसे. पुढे कळले की त्यात कॅम्पटोथेसिन म्हणून द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे होतात. ही केवढी मोठी गोष्ट! पण त्या दिवसापासून झाडाचे दिवस भरले. रानात चोरून तोड सुरू झाली. आमच्या रानातला बराचसा बुडासकट गेला. काकूंनी ते डोळ्यांनी पाहिलेले.

थोरलीने वाद घातला नाही. तिने काकूंना केरळातली एक हकीकत सांगितली. तिथे तिरुअनंतपुरमजवळ पालोडे येथे झाडांची बाग आणि संशोधनाची संस्था आहे, १९७९ मधली. तिथले शास्त्रज्ञ १९८७ साली अगस्त्यमलाईच्या डोंगरात हिंडत होते. वाट दाखवायला काणी जमातीची माणसे बरोबर होती. शास्त्रज्ञ दमले, पण ही माणसे कसलीशी बारीक फळे खात जात होती आणि दमत नव्हती. विचारले तर आधी सांगेनात. मग सांगितले, आरोग्यपच्चा. त्यावरून संस्थेने "जीवनी" नावाचे औषध काढले, १९९५ मध्ये ते एका कंपनीला बनवायला दिले, दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के अशा कराराने. आणि संस्थेने आपल्या मिळकतीतला निम्मा वाटा काणी लोकांना द्यायचे ठरवले. त्यासाठी १९९७ मध्ये त्या लोकांचा विश्वस्त निधी झाला. तेव्हा आपल्याकडे कायदासुद्धा नव्हता. पुढे पुष्कळ देशांनी ह्या गोष्टीचे नाव घेतले. पण त्या जमातीतल्या काही जाणत्या वैदूंना हे गुपित फोडलेले आवडले नव्हते, हेही थोरलीने सांगितले. मला वाटते, ते तिने सांगितले नसते तर काकूंनी पुढे ऐकले नसते.

काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "निम्मं दिलं? बरं केलं. पन झाड राह्यलं का?"

थोरली थोडी थांबली. मग म्हणाली, मागणी आली तसे रानातून ते चोरून नेणारेही आले. काकूंनी नुसती मान हलवली.

भगिनींनो, मी दोघींच्या मध्ये बसले होते. लिहिले नाही तर काय होते ते सासूबाईंच्या रूपाने माझ्या घरात झालेले आहे. लिहिले तर काय होते ते काकूंनी नरक्याच्या रूपाने पाहिले आहे. सज्जनगडावरची जागा मला न सांगणारी माझी लेक आणि झाडाचे नाव न सांगणाऱ्या काकू, दोघी एकच बोलत होत्या, आणि मी मात्र दोघींवर रागावले होते. थोरली म्हणाली की जे गुपित ठेवायचे ते गुपित ठेवायला वहीच्या पद्धतीत वाव आहे, सांगणारीच्या परवानगीशिवाय ते उघड करायचे नाही. २०२३ मध्ये कायदा थोडा बदलला. ग्रंथांत लिहून ठेवलेल्या ज्ञानाला वाट्याच्या बंधनातून सूट मिळाली. त्यातले बारकावे मला समजत नाहीत. माझ्या डोक्यात इतकेच राहिले की ग्रंथातले ज्ञान वेगळे धरतात आणि काकूंच्या डोक्यातले वेगळे, आणि काकूंच्या डोक्यातल्याला ग्रंथ नाही.

शेवटी वहीत एक ओळ लिहिली ती अशी: "एक झुडूप. बाळंतिणीच्या उपयोगी. नाव व ठिकाण सांगणारीने राखून ठेवले आहे." खाली काकूंचा अंगठा. थोरली म्हणाली, तिच्या कामात तिने लिहिलेली ही सगळ्यांत अपुरी नोंद, आणि हिच्याइतकी खरी नोंद त्या बांधीव वहीत एकही नाही.

आता तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्या पेठांतही जुन्या बायका आहेत. कुणी कोकणातून आलेल्या, कुणी माणदेशातून, कुणी पाटणच्या डोंगरातून. ज्या पत्री हरताळकेला आपण बाजारातून जुडीने आणतो, त्यातली निम्मी पाने कोणत्या झाडाची हे मला तरी सांगता येत नाही. पण अशा काही जणी आहेत ज्यांना सांगता येते. पुढल्या बुधवारपासून दुपारी तीन ते पाच मी माझ्या ओट्यावर वही घेऊन बसणार आहे. अक्षर माझे बरे आहे, एवढा सातवीचा उपयोग. जिला यायचे तिने आईला, सासूला, आजीला घेऊन यावे. जी सांगेल तिचे नाव लिहायचे, जिला सांगायचे नसेल तिला चहा द्यायचा. आणि गवताची नोकरी म्हणणाऱ्या भगिनींनी तर पहिल्या दिवशी यावे, त्यांच्या सासूबाई भोरकडच्या आहेत हे मला माहीत आहे.

काकूंचे विचाराल तर त्यांची तब्येत बरी आहे. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा कळले की त्यांनी धाकट्या सुनेला डोंगरावर नेऊन ती जागा दाखवली. मी तिला आडून आडून विचारून पाहिले. ती म्हणाली, "वन्सं, चहा घेता का?"